लिनिअर फीडरचा ट्रॅक बदलला आणि रिवेट रांगायला लागले

प्रश्न (मकरपुरा जीआयडीसी, बडोदा):
नमस्कार मंडळी, आमच्या असेंब्ली लाइनवर बाउल फीडरच्या (थरथरून माल रांगेत लावणारा वाडगा) पुढे लिनिअर फीडर (कॉइलच्या ओढीने थरथरणारा सरळ ट्रॅक) आहे, पितळेचे छोटे रिवेट पिकअपपर्यंत नेतो. आधी ॲल्युमिनियमचा ट्रॅक होता तो घासला म्हणून इथेच लोखंडाचा करून घेतला, आणि तेव्हापासून नॉब फुल केला तरी रिवेट रांगतात, मधेच जागच्या जागी थरथरत बसतात आणि कॉइल तर हात लावू देत नाही इतकी तापते. कंट्रोलर बदलून झाला, फरक शून्य. साहेब म्हणतात कॉइल बदला, मला पटत नाहीये. काय करू?

उत्तर १:
कॉइलला हात लावू नका दादा. ट्रॅक जड झाला म्हणून ट्यूनिंग उतरलंय. आपली लाइन ५० हर्ट्झची, चुंबक प्रत्येक अर्ध्या सायकलला ओढतो, म्हणजे फुल वेव्हवर सेकंदाला १०० झटके, मधे डायोड असेल तर ५०. पत्त्या (ट्रॅकला खालून धरणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंग) आणि ट्रॅक मिळून त्यांची स्वतःची जी फ्रिक्वेन्सी असते ती या आकड्याच्या जवळ, किंचित वर पाहिजे, तरच थोड्या करंटवर माल पळतो. वजन वाढलं की ती खाली येते, मग नॉब कितीही पिळा.
चालू फीडरवर पत्त्यांचा एक बोल्ट अगदी किंचित सैल करून बघा. हलणं वाढलं तर पत्त्या जास्त आहेत, कमी झालं तर अजून हव्यात. तुमच्याकडे कमीच होईल. पत्ती घालताना दोघींच्या मधला स्पेसर विसरू नका हां, नाहीतर एकमेकींवर घासून तडकतात.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे, पण एअर गॅप (कॉइलचा चुंबक आणि तो ओढतो त्या लोखंडामधली फट) पण बघा, ट्रॅक काढताघालताना ती हमखास हलते. गॅप मोठी झाली की कॉइल जास्त करंट खेचते आणि तापते, फार कमी ठेवली तर लोखंडावर लोखंड आपटून ठोकायला लागतं. मशीन बंद करून फिलर गेजने (फट मापायच्या पातळ पट्ट्या) मापा, आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. आणि बाउल न् ट्रॅक कुठेही टेकत नाहीत ना ते कागद सरकवून बघा.

प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. बोल्ट सैल केल्या केल्या रिवेट थांबलेच! पुढे-मागे एकेक पत्ती वाढवली, गॅप पण वाढलेली निघाली ती सेट केली, आता अर्ध्या नॉबवर पळतात आणि कॉइल कोमट आहे फक्त. बाउलच्या तोंडाशी एखादा रिवेट अजून अडतो, नव्या ट्रॅकच्या कडेला बर (धातूची राहिलेली खरखरीत धार) आहे, उद्या सकाळी पॉलिश पेपर मारतो.