मदत हवी आहे: तान्ह्या पोळ्याचा बैल घरी करतोय, शिंगं टिकत नाहीत

नमस्कार. आम्ही नागपूरला असतो. इथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांनी लाकडी बैल घेऊन फिरायचा पोळा असतो. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा पावणेदोनचा. पोळा नऊ दिवसांवर आलाय.

जूनपासून घरी दर आठवड्याला एक 'थीम' घेते. नेटवरून चित्रं छापायची, पोरीला रंगवायला, चिकटवायला द्यायची. त्यात एक आठवडा पेंग्विन निघाले, मग लाल-पिवळी पानगळ. बाहेर धो धो पाऊस आणि आम्ही आत कापसाचा बर्फ चिकटवतोय! पोरगी दहा मिनिटांत उठून आजीकडे. सासूबाईंनी माळ्यावरून गेल्या वर्षीचा लाकडी बैल काढला, तर त्याच्यापाशी मात्र पाऊण तास बसली. एक चाक का अडतं, याची शेपटी कुठे गेली, हा जेवतो काय. म्हटलं, आता थीम बैलच.

दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, वाटीला जरा कमी पाणी असा गोळा मळून तळहाताएवढा बैल केला. तीन दिवस पंख्याखाली ठेवला, वरून छान कडक झाला. चौथ्या दिवशी सकाळी हात लावला तर ओलसर, आणि डावं शिंग ताटलीत पडलेलं. ते धाकट्याने उचलून चाटलं. मग जो काही आरडाओरडा झाला!

माझ्या मळण्यात चूक आहे का? आणि पोळ्यापर्यंत दोघांना पुरेल असं बैलाभोवतीच आणखी काय घेता येईल?

प्रतिसाद

ताई, मळण्यात काही चूक नाही. मीठ हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात असंच होणार. ओव्हन असेल तर १०० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, मध्ये एकदा उलटवा. बैल जाड नको, पाऊण सेंटीमीटर पुरे. गार झाला की वरून वॉर्निश. शिंगात आधीच झाडूची काडी खोचायची, अर्धी डोक्यात अर्धी शिंगात. माझी शिंगं काडीशिवाय कधीच टिकली नाहीत.

पण धाकट्याच्या हाती तो गोळा देऊ नका. एवढं मीठ लहान पोटात गेलेलं बरं नाही. त्याला पोळ्यांच्या कणकेतलाच बिनमिठाचा गोळा द्या, संध्याकाळी टाकून द्यायचा.

चाकांना बाटलीची झाकणं सगळे सुचवतील. तीही नकोत, तोंडात जातात. बरणीची मोठी झाकणं घ्या.

प्रतिसाद

बैल करण्यापेक्षा बैलाचं करणं पोरांना जास्त आवडते, बघा. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि म्हणतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' पोरीला तुमच्या लाकडी बैलाचीच खांदशेकणी करू द्या. बोटाने हळद चोळायची, चारही पाय मोजून धुवायचे. आईच्या जुन्या ब्लाउजपीसची झूल, त्यावर टिकल्या एक लाल एक हिरवी अशा ओळीने. वेगळा कागद छापायची गरजच नाही. लोकरीची तीन पदरी वेणी घालून कासरा करा. साडेचार वर्षांच्या बोटांना वेणी अवघड जाते, पण चुकू द्या. धाकटा बैल ओढेल, त्याला तेवढंच पुरे.

आणि नागपूरच्या लेकराला तान्ह्या पोळ्यासोबत मारबत हवीच, म्हणजे वाईट गोष्टी घालवायला मिरवणुकीने नेऊन जाळतात तो मोठा पुतळा. दोन्ही एकाच दिवशी तर असतात. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. घरी रद्दी पेपरची करा. तिला विचारा, मारबतीसोबत काय घालवायचं? ती सांगेल ते कागदावर काढून मारबतीच्या पोटात घाला. मात्र खऱ्या मिरवणुकीत एवढ्या लहान पोरांना नेऊ नका, गर्दी फार असते.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! काडीची युक्ती जमली, शिंग अजून जागेवर आहे. खांदशेकणीची तालीम आजच झाली, फरशी अजून पिवळी आहे. सासूबाई गप्प आहेत, म्हणजे चालतंय.

मारबतीच्या पोटात तिने डास काढला, मग भेंडी, आणि शेवटी भावाचे दात, कारण तो चावतो. दात ठेवावे लागतील असं सांगितलं तर रडली, म्हणून कागदावर चार काढले.

आता एकच अडचण. बैल घेऊन शेजारी फिरायला निघाली की बोजारा, म्हणजे बैलवाल्या पोरांना द्यायची भेट म्हणून लोक चॉकलेटच हातात देतात. तिला नाणी हवीत, मोजायला. आपल्या इमारतीत आधीच सांगून ठेवणं बरं दिसेल का?