काढून टाकलं तर ते मूल जाणार कुठे?

दमदाटी करणाऱ्या मुलाला सरळ शाळेतून काढावं, असं मार खाणाऱ्या मुलांचे आईवडील म्हणतात. त्यांचा संताप समजतो, पण उपाय पटत नाही. दमदाटी करणारं मूल कधी कधी स्वतःच घरात रोज मारहाण पाहत असतं, आणि असं मूल कायम सावध असतं. दार आपटलं की दचकतं, मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर आधी हात उगारतं. त्याला काढलं की ते दिवसभर त्याच घरात. (प्रत्येक दांडगट मुलाच्या घरी हेच असतं असं नाही, आणि मार खाणाऱ्याचं संरक्षण आधी, हेही खरंच.)

असं मूल घरातलं काही सांगायला आलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. जीवाला धोका असेल तर सांगावंच लागतं, आणि मग विश्वास तुटतो. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका. मारणाऱ्या पालकालाच लगेच फोन तर मुळीच नको, रात्री त्याचा राग मुलावर निघतो.

शाळेतली दमदाटी थांबवण्यासाठीच्या फिनलंडमधल्या 'कीवा' कार्यक्रमात बघ्या मुलांवरही काम होतं. छळ सोसणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायला शिक्षक वर्गातल्या दोन-चार मुलांना मुद्दाम सांगतात. हे कुठल्याही शाळेला उद्यापासून जमेल.