सहकारी कामावरच गेला, त्यानंतरचे दिवस : तुमचे अनुभव लिहा

घरातलं माणूस गेलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. सुतक, सावडणं, दहावा, तेरावा. माणसं भेटायला येतात, पिठलं-भात शेजारून येतो, साहेबही रजेला नाही म्हणत नाही. पण जोडीला काम करणारा माणूस कामावर असतानाच गेला तर? आपण त्याचे नात्याने कोणीच नसतो. सुतक नाही, रजा नाही, आणि पाळी तर असतेच.

आमच्या प्रेस शॉपमधला, म्हणजे कारखान्यात जिथे पत्रा दाबून भाग काढतात तिथला, एक जण चहाच्या सुट्टीवरून परत येताना खाली बसला, तो उठलाच नाही. तिसऱ्या पाळीच्या पोरांनी त्याच्या मशीनपुढे नारळ फोडला, अगरबत्ती लावली आणि जॉब चालू केला. काहींना ते फार लागलं. मला वाटतं पोरांना दुसरं काही सुचलं नसावं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. कोणी काय केलं म्हणून बरं वाटलं, कोण काय बोललं ते अजून खुपतं. सल्ला द्यायलाच हवा असं नाही. माणसांची, कंपन्यांची नावं मात्र नकोत.

मुक्कामी_गाडी

मी एसटीत कंडक्टर, आता निवृत्त. मुक्कामी गाडी होती. रात्री गावात पोहोचायचं, ग्रामपंचायतीच्या खोलीत पथारी टाकायची आणि पहाटे पहिल्या फेरीला निघायचं. ड्रायव्हर माझ्याआधी उठायचा, हा त्याचा शिरस्ता. गाडीला रेस दिल्याचा आवाज आला की मी डोळे उघडायचो. त्या दिवशी उजाडलं तरी आवाज नाही. हलवून बघितलं तर अंग गार.

डेपोला फोन केला, पोलीस पाटलाला बोलावलं. मग जमादार आले, अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा. तोवर गाडीसाठी आलेली माणसं पारावर बसून होती. कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, दवाखान्याला निघालेली एक म्हातारी. गाडी कधी सुटणार हे कोणी विचारलं नाही. एका मुलीची परीक्षा होती, ती नुसती रडकुंडीला आली होती. मीच सरपंचाला सांगून तिला जीपमध्ये बसवलं. आज विचार केला तर वाटतं, त्या सकाळी माझं डोकं तेवढ्या एका कामामुळे ठिकाणावर राहिलं.

त्याच्या घरी निरोप कोणी द्यायचा? डेपो म्हणे आम्ही देतो. मी म्हटलं नको, मी देतो. वहिनींना मी फोनवर एवढंच म्हटलं, "भाऊंना बरं नाही, तालुक्याच्या दवाखान्यात नेतोय, तुम्ही थोरल्याला घेऊन या." प्रवासात माणसाने हे एकट्याने ऐकू नये असं मला वाटतं. पुढे त्या म्हणाल्या, तुमच्या आवाजावरूनच कळलं होतं.

नंतर दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर त्याच गावाला मुक्काम पडला की मला झोप लागायची नाही. त्याचा श्वास चालतोय का ते ऐकत पडायचो. शेवटी त्यालाच खरं सांगितलं. तो म्हणाला, मास्तर, मी घोरतो, काळजी नको. आणि खरंच घोरायचा.

तिसरा_फेज

वायरमन आहे, कंत्राटी. जोडीदारही कंत्राटीच होता. पावसाळ्यात 11 केव्हीचा फॉल्ट होता, लाईन बंद ठेवायचं परमिट घेतलं होतं, एबी स्विच, म्हणजे खांबावरचा लाईन तोडायचा स्विच, पाडला होता. तरी करंट आला. कुठून आला त्याची चौकशी झाली, त्यात मी पडत नाही. कोणी बंगल्यात नाहीतर पोल्ट्रीवर जनरेटर नीट चेंजओव्हर (बाहेरची लाईन तोडणारा स्विच) न लावता चालू केला की तो करंट उलटा डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, लाईनीवर चढतो, हे आमच्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. म्हणून तर लाईन बंद असली तरी आधी डिस्चार्ज रॉड टाकून लाईन जमिनीला जोडायची, मगच हात लावायचा.

मला जे विसरता येत नाही ते वेगळंच आहे. तो वर झुल्यात लटकलेला, आम्ही खाली, शिडी लावायची धावपळ. आणि खिशात माझा फोन वाजतोय. उचलला तर, "ओ वायरमन, लाईट कधी येणार?" मी सांगितलं, माणूस गेलाय आमचा. पलीकडून दोन सेकंद काही नाही. मग म्हणाला, "बरं बरं, पण अंदाजे?"

मी लई दिवस पोलवर चढलो नाही. एक जुना लाईनमन होता, त्याने जबरदस्ती केली नाही. आधी नुसतं खालून दोर धरायला लावलं, मग रोज कामाआधी अर्थिंग मीच बांधायची. महिनाभर गाडीतला सगळा सेफ्टीचा माल माझ्याच ताब्यात. एकदा सकाळी म्हणाला, चढ. चढलो.

रात्रपाळी_सिस्टर

कोविडच्या पहिल्या लाटेत आमच्याच वॉर्डात आमचीच एक सिस्टर पेशंट म्हणून आली आणि गेली. तेव्हा पीपीईत कोण कोण ते ओळखू यायचं नाही म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचो. तिच्या पाठीवर नाव मीच लिहायचे, माझ्या पाठीवर ती. ती गेली त्या दिवशी हॅंडओव्हर दिला, डॉफिंग केलं, म्हणजे पीपीई उतरवलं, घरी जाऊन अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर माझ्या पाठीवर नाव लिहायला दुसरी मुलगी आली, तिने मार्कर हातात घेतला आणि मला हुंदका फुटला. पीपीई घातल्यावर डोळे पुसता येत नाहीत. गॉगल आतून भिजला.

अंत्यदर्शन नाही, काही नाही. टाळ्या-थाळ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राचा 50 लाखांचा विमा होता, त्याचे कागद आम्ही चार जणींनी मिळून जमवले. पॉझिटिव्ह रिपोर्ट, ड्यूटीचं पत्र, मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र. तिच्या नवऱ्याला ते एकट्याने झालं नसतं. आम्हालाही त्या फाइलने धरून ठेवलं म्हणा.

उगाच_एक

वेगळा सूर लावते. आमचे साहेब ऑफिसातच गेले, दुपारी, फाइलवर सही करता करता. त्यांनी मला दोन वर्षं रडवलं होतं. शोकसभेत प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे होते. मी म्हटलं, "साहेबांचं अक्षर सुंदर होतं आणि ते वेळेवर यायचे." दोन्ही खरं होतं. घरी आले आणि का कोण जाणे खूप रडले. ते रडणं कशाचं होतं, अजून माहीत नाही. कोणी विचारलं तर दुःखाचं नव्हतं एवढंच सांगेन.

डेडलाइन_वाला

पुणे, आयटी. अमेरिकेच्या वेळेमुळे रात्रीचा कॉल चालू होता, तो मीटिंग रूममध्ये बोलता बोलता टेबलावर कलंडला. आम्हाला आधी वाटलं गंमत करतोय. हाउसकीपिंगच्या मावशी धावल्या, सिक्युरिटीवाला धावला, आम्ही इंजिनिअर नुसते उभे. सीपीआर फक्त त्या सिक्युरिटीवाल्या दादांना येत होता, आधीच्या कुठल्याशा नोकरीत शिकलेले. 108 येईपर्यंत ते दाबत राहिले. नाही वाचला.

तो दादा नंतर गप्पच झाला होता. बरगडी मोडल्याचा आवाज आला म्हणे, आपणच मारलं असं डोक्यात घेऊन बसला. आमच्यातल्या एकीचा भाऊ डॉक्टर, त्याने मुद्दाम ऑफिसात येऊन दादाला समजावलं, की नीट दाबलं तर बरगडी मोडू शकते, ते चुकलं असं नसतं. छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120, एवढंच बघायचं. हे सांगायला दुसऱ्या कोणाला सुचलं नव्हतं, आम्ही सगळे मेलेल्याचा विचार करत होतो. वाचवायला गेलेल्याकडे बघा, एवढं माझं म्हणणं आहे.

बाकी आयटीचं दुःखही आयटीसारखंच. क्लायंटचा मेल, फार वाईट वाटलं वगैरे, आणि खालच्या ओळीत सोमवारची तारीख पाळता येईल का. त्याचा मेलबॉक्स माझ्याकडे वळवला. बायकोने पाठवलेली किराण्याची यादी त्यात आली होती, त्याच संध्याकाळची. वर्षभराने त्या नोकऱ्यांच्या साइटने मला सुचवलं, अमुकला कामाची आठ वर्षं पूर्ण झाली, अभिनंदन करा. त्यावर चाळीस जणांनी अभिनंदन केलेलं होतं.

फडावरची

माझी आई सांगते ते मी लिहितेय. आम्ही बीडकडचे, आई-बाप ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. आमच्या शेजारच्या खोपीतला माणूस फडात पाचट ओढताना साप चावून गेला. दवाखाना लांब होता. मयत गावी नेली, तिकडेच माती झाली.

"चौथ्या रोजाला ती माघारी आली," आई म्हणते. "उचल फिटायची व्हती ना. आता ती अर्धा कोयता. मुकादम म्हनला, अर्ध्या कोयत्याला अर्धी खेप. मग टोळीतल्या बायांनी ठरीवलं, परतेकीनं रोज दोन मोळ्या तिच्या नावानं बांधायच्या. बोललं कुनी न्हाई तिच्याशी. काय बोलायचं? मोळ्या बांधल्या."

हंगाम संपेपर्यंत बांधल्या. आईला मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली पुन्हा त्या फडात? म्हणाली, त्यो फड सोडून दुसरा कुठला व्हता?

खाडीपार

आखातात कॅम्पवर होतो. खोलीतला एक चिपळूणकडचा, साइटवर उन्हात कोसळला. मृतदेह भारतात पाठवायचा म्हणजे कागदांची माळ : पोलिसांचा रिपोर्ट, तिथला मृत्यूचा दाखला आणि त्याचं भाषांतर, दूतावासाचं ना हरकत पत्र, पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का, एम्बाल्मिंगचं (मृतदेह टिकवायला औषध भरल्याचं) सर्टिफिकेट. कंपनीच्या पीआरओबरोबर, म्हणजे सरकारी कागद करणाऱ्या माणसाबरोबर, मी फिरलो, पगार कापून. तोवर त्याचा फोन खोलीत चार्जिंगला होता आणि पहाटे चारचा गजर रोज वाजायचा. फोनला लॉक. बंद करून ठेवता आला असता, पण घरचे त्यावरच कॉल करत होते. शेवटी आम्ही चौघे त्या गजरालाच उठायला लागलो.

टाइम_ऑफिस

वरचं सगळं वाचलं. मी कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-पगाराच्या कचेरीत आहे, माझ्या वाट्याला नेहमी कागद येतात. बऱ्याच जणांनी लिहिलंय की काहीतरी करायला मिळालं म्हणून तग धरला. तर करण्यासारखं काय असतं ते सांगतो, कारण घरचे त्या दिवसांत काही विचारण्याच्या स्थितीत नसतात.

एक, कामावर हार्ट अटॅकने गेला तरी घरचे भावनेच्या भरात पोस्टमॉर्टेम नको म्हणतात. त्यांना शांतपणे सांगा की नंतर भरपाईच्या दाव्यात तोच कागद मागतात. हे बोलणं कठीण आहे, आणि ते साहेबाने बोलण्यापेक्षा मित्राने बोललेलं बरं.

पीएफचे तीन वेगळे हक्क असतात : जमा रक्कम, बायको-मुलांची पेन्शन आणि ईडीएलआयचा, म्हणजे पीएफला जोडूनच असलेला, विमा. विमा कमाल सात लाखांपर्यंत आहे आणि त्यासाठी कामगाराने वेगळा हप्ता भरलेला नसतो, म्हणून पुष्कळांना तो माहीतच नसतो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट आहे, पण मृत्यू झाल्यास ती लागत नाही. वर्षभर काम केलेल्या पोराच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता. ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल आणि मृत्यू कामामुळे झालेला असेल तर अवलंबितांना सरासरी रोजाच्या 90 टक्के दराने दरमहा मिळतं. ईएसआय नसेल तर भरपाई. ती पगार आणि वय यांवरून काढतात, वय कमी तितकी रक्कम जास्त. 1923 चा कामगार भरपाईचा जुना कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. ईएसआय आणि ही भरपाई, दोन्हीकडून घेता येत नाही.

आणि लॉकर. लॉकर कंपनीने फोडून पिशवीत भरून पाठवू नये. जोडीदाराने उघडावा, घरचं कोणी असेल तर त्यांच्यासमोर, यादी करून. आत काय निघेल सांगता येत नाही. तंबाखूची पुडी निघाली तर ती यादीत लिहायची गरज नाही, एवढा विवेक ठेवावा.

तिसरा_फेज

टाइम ऑफिसवाले, माझा जोडीदार कंत्राटी होता. ठेकेदार म्हनतो कंपनी देईल, कंपनी म्हनते ठेकेदार. वर्ष होत आलं. त्याच्या बायकोला काय सांगू?

टाइम_ऑफिस

दादा, ज्याचं काम चाललं होतं तो मूळ मालक भरपाईतून सुटत नाही. त्याने आधी द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची, तो त्यांचा आपसातला हिशेब. तेव्हा दाव्यात दोघांनाही पक्षकार करा. पुरावा तुमच्याकडेच आहे : त्या दिवसाच्या परमिटची नोंद, ठेकेदाराच्या हजेरीपटाचा फोटो, गेटपास, पगार खात्यात आल्याचं पासबुक, पंचनाम्याची नक्कल. तुम्ही तिथे हजर होतात, तुमची साक्ष लागेल. नोकरीची भीती वाटणारच, म्हणून युनियनचा माणूस नाहीतर वकील बरोबर घ्या, एकटे जाऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलेला वकील मोफत मिळतो, तिच्या उत्पन्नाची अट नसते. तिचं आधार, लग्नाचा कागद आणि मुलांचे जन्मदाखले एका फाइलला लावून ठेवा, आणि काय काय मिळालं ते इथे लिहा, पुढचं बघू.