मीटिऑर उपग्रहाचे चित्र मध्येच तुटते: अँटेना बदलावा की गोंगाटाचा बंदोबस्त करावा?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांना बरोबर घेऊन हवामान उपग्रहाचे चित्र थेट आकाशातून उतरवून घेण्याचा उपक्रम सुरू केला आहे. त्यात गाडी एका जागी अडली आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

या विषयावरची बरीचशी माहिती नोआ-१५, १८ आणि १९ या अमेरिकी उपग्रहांना धरून लिहिलेली आहे. ते तिन्ही २०२५ च्या जून ते ऑगस्टदरम्यान बंद करण्यात आले, त्यामुळे १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आता भिस्त आहे ती रशियाच्या मीटिऑर-एम एन२-३ आणि एन२-४ यांच्यावर. नोआचे प्रसारण ॲनालॉग होते. खरखर वाढली तरी चित्र अंधूक का होईना, दिसत राही. मीटिऑरचे डिजिटल प्रसारण मात्र ठरावीक मर्यादेखाली गेले की तेवढ्या भागात नुसती काळी पट्टी उमटते. त्यातही एन२-३ चा प्रसारण-अँटेना अवकाशात नीट उघडला नव्हता, म्हणून पुढील सर्व निरीक्षणे एन२-४ ची समजावीत.

आमची मांडणी साधी आहे. शाळेच्या गच्चीवर पीव्हीसी पाइपवर ॲल्युमिनियमच्या सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन सळ्या १२० अंशांच्या कोनात आडव्या बसवल्या असून (हाच आमचा डायपोल अँटेना) त्यांचा रोख उत्तर-दक्षिण आहे. तेथून टीव्हीची आरजी-६ केबल खाली आरटीएल-एसडीआर डोंगलपर्यंत (यूएसबीला जोडायचा छोटा रेडिओ-ग्राहक) येते आणि लॅपटॉपवर संदेशातून चित्र काढणारे सॅटडम्प हे सॉफ्टवेअर चालते. उपग्रह डोक्यावर असताना पडद्यावरील ठिपक्यांचे चार स्वच्छ पुंजके (डिजिटल संदेश नीट मिळत असल्याची खूण) दिसतात आणि चित्रही सुरेख येते. एकदा कोकण-गोव्याचा किनारा इतका स्पष्ट उमटला की हिडकल धरणाचे पाणी दिसते का, यावरून मुलांत वाद जुंपला. (एका बिंदूत साधारण एक किलोमीटर मावतो, तेव्हा जलाशय भरलेला असताना दिसायला हरकत नसावी.)

अडचण अशी, की उपग्रह पश्चिमेकडे कलला की चारही पुंजके पसरून एकमेकांत मिसळतात आणि पट्ट्या सुरू होतात. पश्चिमेला डोंगर आहेत, हे खरे. परंतु उपग्रह डोंगरमाथ्याच्या बराच वर असतानाही हे घडते. शिवाय शेतातल्या पंपांना थ्री फेज वीज येण्याच्या वेळेत हा त्रास स्पष्टपणे वाढतो. त्या वेळी वॉटरफॉलमध्ये (कोणत्या वारंवारतेवर किती संदेश येतो, हे दाखवणारा सरकता आलेख) समान अंतरावरच्या, सावकाश सरकणाऱ्या उभ्या रेघा दिसतात. मोटारीच्या ठिणग्यांचा रेडिओ-गोंगाट असा रेखीव नसतो, तो सगळ्या पट्ट्यावर पसरतो. म्हणून माझा संशय एखाद्या (चार्जरसारख्या) स्विचिंग वीजपुरवठ्यावर किंवा पंपाचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हवर आहे. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून शाळेचा मुख्य स्विच बंद केला, तेव्हा रेघा फिकट झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत.

अनेकांनी अँटेनापाशी फिल्टरसह प्रवर्धक लावण्याचा सल्ला दिला आहे. मला तो पटत नाही, कारण १५ मीटर केबलमधील घट दीड डेसिबलच्या आसपासच असावी आणि गोंगाट जर अँटेनातूनच आत येत असेल तर प्रवर्धक त्यालाही तितकाच मोठा करील. एफएम केंद्रांमुळे डोंगल गुदमरत असेल तर फिल्टरचा उपयोग होईल, हे मान्य. पण गेन (डोंगलमधील प्रवर्धन) कमी करूनही त्या रेघांच्या तुलनेत संदेश काही सुधारत नाही. हे अनुमान कोठे चुकत असल्यास कृपया सांगावे.

केबलवर फेराइट कडी (केबलवरून येणारा गोंगाट अडवणारी चुंबकीय कडी) बसवून पाहण्याचा विचार आहे. ती अँटेनाच्या टोकाला असावीत की डोंगलपाशी? दुसरा पर्याय क्यूएफएच अँटेनाचा (पीळ दिलेल्या नळ्यांचा, वर्तुळाकार ध्रुवणासाठीचा अँटेना). मीटिऑरचे प्रसारण उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाचे (लहरींच्या कंपनाची दिशा गोल फिरत राहणारे) असल्याने आडव्या डायपोलमध्ये तीन डेसिबल तसेच जातात, ते क्यूएफएचमध्ये वाचावेत. परंतु जमिनीवरून येणारा उभ्या ध्रुवणाचा गोंगाट आडवा डायपोल बराच दाबतो, तो फायदा हातचा जाईल, अशी भीती वाटते. गोंगाट असलेल्या गावात ज्यांनी दोन्ही वापरून पाहिले आहेत, त्यांचा अनुभव मला हवा आहे. फ्रिज दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारी तांब्याची नळी त्यासाठी चालते का, आणि फेराइट कडी बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरच्या बाजारात सुटी मिळतात का, हेही कोणी कळवल्यास उपकार होतील. वॉटरफॉलची छायाचित्रे आणि मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवली आहेत. मागितल्यास येथेच चढवतो.