रिपब्लिक कमांडो : पथक किती आपल्या हुकमात आणि किती गेमच्या?

चकवा यांचा प्रश्न

नमस्कार. एकट्याने खेळता येईल पण सोबत पथक असेल, असा विज्ञानकथेतला नेमबाजीचा गेम मी शोधत आहे. हेलडायव्हर्स २ मित्रांबरोबर भरपूर खेळून झाला. मात्र तिथे चौघेही खरी माणसे असतात, प्रत्येकाच्या कामाच्या वेळा निराळ्या असतात आणि चौघे एकाच वेळी ऑनलाइन सापडणे आता जवळजवळ अशक्य झाले आहे. संगणकाने चालवलेले साथीदार असलेल्या गेमांची चौकशी केली की २००५ सालच्या ‘स्टार वॉर्स : रिपब्लिक कमांडो’चे नाव हमखास पुढे येते. स्तुती करणारे बहुतेक जण तो गेम शाळा-कॉलेजच्या वयात खेळलेले दिसतात, त्यामुळे त्या स्तुतीत आठवणींचा वाटा किती आणि गेमचा किती, हे मला कळेनासे झाले आहे.

साथीदारांना दिलेल्या हुकमांमुळे लढाईच्या निकालात खरोखर फरक पडतो, की बटण दाबले म्हणून ते चार पावले हलतात एवढेच? ते स्वतःच्या अकलेने नीट लढतात का? आणि स्टार वॉर्सचे फारसे प्रेम नसलेल्या माणसाने आज या गेमच्या वाट्याला जावे का? ज्यांनी तो अलीकडे खेळला आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

तटबंदी यांचा प्रतिसाद

हुकमांनी निकाल बदलतो, आणि तोही ठळकपणे. मात्र ते हुकूम कुठे देता येतील हे गेमने आधीच ठरवून ठेवलेले आहे. या गेमचे बहुतेक गुण आणि बरेचसे दोष या एकाच निर्णयातून आलेले आहेत, म्हणून तो थोडा उलगडून सांगतो.

आपण डेल्टा पथकाचा प्रमुख आरसी-११३८, म्हणजे ‘बॉस’ असतो आणि हाताखाली स्कॉर्च, फिक्सर आणि सेव्ह हे तिघे असतात. एखाद्या आडोशावर, दारावर, संगणकाच्या खांबावर किंवा मोकळ्या तोफेवर नजर रोखली की तिथे काम करणाऱ्या सैनिकाची फिकट निळी आकृती उमटते. ती गुडघ्यावर बसून स्नायपर धरलेली असेल, ग्रेनेड फेकण्याच्या पवित्र्यात असेल, नाहीतर दाराला सुरुंग लावत असेल. एक बटण दाबले की तिघांपैकी एक जण तिथे जाऊन तेच काम करू लागतो. कोणी जायचे हे आपण ठरवावे लागत नाही आणि कोणताही मेनू उघडावा लागत नाही. शत्रूवर नेम धरून तेच बटण दाबले तर सगळे त्याच्यावर तुटून पडतात. याखेरीज जवळ या, ही जागा राखा, शोधून मारा, असे मोजकेच सर्वसाधारण हुकूम आहेत. पथकाला हुकूम देण्यासाठी लढाई थांबवावी लागत नाही, हे त्या काळी फार मोठे काम होते आणि माझ्या मते आजही फार थोड्या गेमांना ते साधले आहे.

या रचनेचा कस पाहायचा असेल तर ड्रॉइड, म्हणजे शत्रूचे यंत्रसैनिक, सोडणारी यंत्रे पाहावीत. असे यंत्र एकदा खोलीत आले की त्यातून ड्रॉइड बाहेर पडतच राहतात आणि त्याला सुरुंग लावेपर्यंत ते थांबत नाहीत. सुरुंग लावायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तो लावणाऱ्याच्या हातात बंदूक नसते. म्हणजे चौघांपैकी एक जण निःशस्त्र, बाकीच्या तिघांनी त्याला राखायचे. साथीदाराला पाठवले तर आपण गोळीबार चालू ठेवू शकतो, पण तो वाटेतच कोसळला तर एकाऐवजी दोन संकटे उभी राहतात. स्वतः गेलो तर काम आपल्या हातात राहते, पण तेवढा वेळ पथक प्रमुखाविना लढते. अशा वेळी एकाला वरच्या कठड्यावर स्नायपर देऊन बसवले आहे की तिघांनाही आपल्या मागे फरफटत आणले आहे, यावर तो प्रसंग पहिल्या झटक्यात सुटतो की तिसऱ्यांदा, हे ठरते.

दुसरे बलस्थान म्हणजे कोसळलेल्यांना उठवण्याची पद्धत. साथीदार मरत नाहीत, जायबंदी होऊन पडतात आणि कोणीही जवळ जाऊन त्यांना पुन्हा उभे करू शकतो. खुद्द आपण पडलो तरी डाव संपत नाही. जमिनीवरून तिरके जग पाहत असताना ‘मला येऊन उठवा’ किंवा ‘आधी हातातले काम संपवा’ असे सांगता येते आणि चौघेही पडले तरच सगळे संपते. कबड्डीत बाहेर बसलेला गडी सोबत्याच्या चढाईवर पुन्हा जिवंत होतो, तशीच ही गंमत आहे. शेवटच्या उरलेल्या एकाने धूळ-धुरातून येऊन आपल्याला उठवले की साथीदारांविषयी जी आपुलकी वाटते, ती मधल्या चित्रफितींनी निर्माण झाली नसती.

तिसरे म्हणजे माणसे. चौघेही एकाच नमुन्यावरून घडवलेले क्लोन असूनही प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. सुरुंगांचा जाणकार स्कॉर्च सतत थट्टा करतो, फिक्सर नियमावर बोट ठेवून साथीदारांना त्यांच्या क्रमांकांनी हाक मारतो, तर सेव्हचा विनोदही रक्ताळलेला असतो. चिलखतांवरचे पिवळे, हिरवे आणि लाल पट्टे गर्दीत त्यांची ओळख पटवतात आणि आपले पट्टे नारिंगी असतात. बॉसला आवाज टेमुएरा मॉरिसन यांचा आहे, म्हणजे ज्याच्यावरून हे क्लोन घडवले त्या जँगो फेटची पडद्यावरची भूमिका करणाऱ्या अभिनेत्याचाच.

आणि हेल्मेट! सगळा गेम आपण हेल्मेटच्या काचेतून पाहतो. जिओनोसिस ग्रहावरचा कीटकसदृश सैनिक जवळून मारला की त्याचा चिकट द्रव काचेवर उडतो आणि लगेच प्रकाशाची एक रेघ काचेवरून फिरून तो पुसून टाकते. पडद्यावरची सगळी माहिती त्याच काचेवर असल्यामुळे ती बाहेरून चिकटवल्यासारखी वाटत नाही.

निवांत वाचक यांचा प्रतिसाद

तटबंदी यांच्या वर्णनात चूक काही नाही, पण त्यावरून हा डावपेचांचा गेम आहे असा समज होईल, आणि तो मला मान्य नाही.

निळ्या आकृत्यांचेच घ्या. आपण एका रिकाम्या दालनात शिरतो, तिथे स्नायपरच्या दोन जागा आणि ग्रेनेडची एक जागा दिसते. शत्रूचा पत्ता नसतानाही इथे लढाई होणार, कोणत्या दिशेकडून होणार आणि ती कशी जिंकायची, हे सगळे आपल्याला कळलेले असते. खेळाडूने भूभाग वाचायचा आणि त्यातून जागा हेरायच्या, हे पथक चालवण्यातले मर्म असते, आणि नेमके तेच काम इथे गेमच्या रचनाकारांनी आपल्या वतीने उरकून ठेवले आहे. ज्या खांबाआड निळी आकृती नाही, तो खांब कितीही मोक्याचा असला तरी साथीदाराला नेमके तिथे बसवता येत नाही. मार्च २००५ मध्ये, म्हणजे रिपब्लिक कमांडो आला त्याच महिन्यात, दुसऱ्या महायुद्धावरचा ‘ब्रदर्स इन आर्म्स : रोड टू हिल ३०’ आला होता. त्यात आपण बोट दाखवू तिथे तुकडी जाते, एका तुकडीने गोळीबार करून शत्रूला दाबून ठेवायचे आणि दुसरीने बगलेतून जायचे, आणि हे जमले नाही तर माणसे मरतात. तो गेम संथ आहे आणि बराच रुक्षही आहे, पण निर्णय तिथे खेळाडूचा असतो.

दुसरी गोष्ट खासियतींची. कागदावर फिक्सर संगणक फोडणारा, सेव्ह स्नायपर आणि स्कॉर्च सुरुंगवाला आहे. प्रत्यक्षात कोणीही कोणतेही काम करतो आणि आपणही दुसरा विचार न करता जवळ असेल त्याला पाठवतो. सेव्ह जायबंदी असताना स्नायपरची जागा रिकामी ठेवावी लागली असती, तर त्याला उठवण्यासाठी जीव धोक्यात घालण्याला काही अर्थ आला असता. उठवण्याची जी पद्धत तटबंदी यांना भावली, तिच्यामुळेच हुकमाची किंमतही घसरते. काठिण्याच्या मधल्या पातळीवर साथीदाराला बेधडक आगीत लोटावे, पडला की उचलावा आणि पुन्हा लोटावा, हा मार्ग सर्रास चालून जातो.

बंदुकीविषयीही बोलले पाहिजे. डीसी-१७एम या एकाच शस्त्राला वेगवेगळी नळी जोडून रायफल, स्नायपर आणि चिलखतभेदी लाँचर अशी तीन रूपे देता येतात. बॉसचे हात एक भाग काढून दुसरा खटकन बसवतात, ते पाहायला छान वाटते. पण रायफलच्या गोळ्यांना वजन नाही. सुपर बॅटल ड्रॉइडच्या छातीवर अख्खे मॅगझीन रिकामे केले तरी तो पुढे येतच राहतो. लाँचरच्या गोळ्या मोजक्याच मिळतात आणि तो जोडेपर्यंत ड्रॉइड अंगावर आलेला असतो. पहिल्या जिओनोसिस मोहिमेत हे नवेपणामुळे खपून जाते. ‘प्रॉसिक्युटर’ या जहाजावरच्या एकसुरी राखाडी बोळांत पोहोचेपर्यंत मात्र त्याचा कंटाळा येऊ लागतो.

त्या जहाजाची सुरुवात तेवढी अपवाद आहे आणि संपूर्ण गेममध्ये मला तीच सर्वांत आवडते. चौघे वेगळे होतात, एकेकाचा आवाज रेडिओवरून नाहीसा होतो आणि आपण अंधाऱ्या बोळांत एकटेच उरतो. पथकावर बेतलेल्या गेममध्ये पथकच काढून घेण्याचे धाडस फार थोडे जण करतात. त्या वेळी मी सवयीने हुकमाचे बटण दाबत होतो आणि उत्तर द्यायला कोणी नव्हते.

रात्रपाळी यांचा प्रतिसाद

गेमच्या गुणदोषांवर वरच्या दोघांनी लिहिले आहेच, म्हणून मी फक्त कुठे खेळावा एवढेच सांगतो. मूळ गेम विंडोज आणि पहिल्या एक्सबॉक्सवर आला होता. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅस्पायर या कंपनीने तो पीएस४ आणि स्विचवर आणला. स्विचवरच्या आवृत्तीत प्रकाशनाच्या वेळी फ्रेमची घसरण जाणवत होती आणि त्यावर पुढे अपडेट द्यावे लागले. या दोन्ही नव्या आवृत्त्यांत मल्टिप्लेअर नाही, पण त्याची हळहळ करू नये, कारण मूळ मल्टिप्लेअरही पथकाशी काही संबंध नसलेली नेहमीची मारामारी होती. खरी उणीव वेगळी आहे. चार सैनिकांची मोहीम असूनही ती चार मित्रांना एकत्र खेळण्याची सोय मुळातच कधी नव्हती. चकवा यांना एकट्यानेच खेळायचे असल्यामुळे त्यांना याचा त्रास होणार नाही.

संगणक असेल तर संगणकावरच घ्यावा, कारण आकृत्यांवर नेम धरणे माऊसने फारच सोपे जाते. आताच्या रुंद पडद्यांवर चित्र नीट बसवण्यासाठी सेटिंगच्या फाइलमध्ये थोडी खटपट करावी लागते आणि दृष्टिक्षेत्र मुळातच अरुंद आहे, त्यात हेल्मेटच्या कडा आणखी जागा खातात. ज्यांना अशा गेममध्ये मळमळते त्यांनी पहिल्या बैठकीत जपून खेळावे.

चकवा यांचा प्रतिसाद

आपणा तिघांचे मनापासून आभार. निवांत वाचक यांचा आक्षेप वाचूनही माझी उत्सुकता कमी झालेली नाही, कारण मला नकाशावर खुणा करत बसण्यापेक्षा चालत्या लढाईत पथक सांभाळण्याचा अनुभव हवा आहे. दोन शंका उरल्या. साथीदारांना आगीत लोटून जिंकण्याची पळवाट टाळायची असेल तर कोणत्या पातळीवर खेळावे? आणि गोष्ट स्टार वॉर्सच्या चाहत्यांखेरीज इतरांना कळते का?

तटबंदी यांचा प्रतिसाद

सर्वांत कठीण पातळी निवडावी. तिथे एक माणूस पडला की उरलेल्यांवरचा मारा इतका वाढतो की उचलायला गेलेलाही पडतो, आणि निवांत वाचक यांनी सांगितलेली पळवाट बऱ्याच अंशी बंद होते. औषधाचे बॅक्टा खांब मोजकेच असतात, त्यामुळे आधी स्वतः तिथे जायचे की साथीदाराला पाठवायचे, हाही विचार करावा लागतो. ड्रॉइडांवर विजेचे ग्रेनेड राखून वापरावेत. ड्रॉइड थिजले की सुपर बॅटल ड्रॉइडही तिघांच्या एकत्रित माऱ्यापुढे टिकत नाही, आणि रायफल दुबळी असल्याची तक्रार निम्म्यावर येते. उरलेली निम्मी मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. आणखी एक सूचना अशी की आपल्या गोळ्या संपतात, साथीदारांच्या संपत नाहीत. म्हणून स्नायपरची जागा दिसली की स्वतः नेम धरण्यापेक्षा तिथे माणूस बसवणे केव्हाही फायद्याचे ठरते.

खासियतींविषयी निवांत वाचक यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. मात्र आकृत्यांविषयी एवढेच म्हणेन की सरावलेला खेळाडू सगळ्या जागा भरत नाही. तिघांनाही जागा वाटून दिल्या की आपल्याजवळ कोणीच उरत नाही आणि बगलेतून ट्रँडोशन, म्हणजे सरड्यासारखा शत्रू, आला की आपण एकटे सापडतो. कश्यिक ग्रहावरच्या लढायांत कोणती जागा मुद्दाम रिकामी ठेवायची, हाच निर्णय महत्त्वाचा होऊन बसतो.

गोष्टीसाठी पूर्वज्ञान लागत नाही. क्लोनांचे युद्ध जिओनोसिसवर सुरू होते, तिथून ‘प्रॉसिक्युटर’वर आणि अखेर वूकी या केसाळ जमातीच्या कश्यिक ग्रहावर, एवढाच प्रवास आहे आणि आठ-दहा तासांत तो संपतो. ओळखीचे चेहरे अधूनमधून दिसतात, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. फक्त एका गोष्टीची तयारी ठेवावी. शेवट न उघडता सांगायचे तर गोष्ट संपत नाही, तुटते. चौघांवर जीव जडलेला असताना एक हुकूम येतो, तो पाळावा लागतो आणि श्रेयनामावली सुरू होते. पुढचा भाग कधीच आला नाही आणि हा गेम बनवणाऱ्या लुकासआर्ट्समधली गेमनिर्मिती २०१३ मध्ये बंद झाली. त्या शेवटच्या मोहिमेत चार तोफांवर चौघांना पाठवावे लागते. तिथवर पोहोचलात की सेव्हला कुठे पाठवले ते इथे येऊन जरूर लिहा.