शेवटच्या आजारपणासाठी वावर विकावं का?

आर्वीकर: काल ‘सोयाबीनवाला’ यांनी लिहिलं, ‘फुकट उपचाराच्या महात्मा फुले योजनेचं कार्ड असताना बापाच्या दवाखान्यासाठी वावर विकणारा मूर्ख.’ वाचून डोकं फिरलं. 2023 च्या निर्णयानं 5 लाखांचं कवच सगळ्या रेशनकार्डांना झालं, मान्य. पण ते भरती असेपर्यंत! बाबांच्या अन्ननलिकेच्या कॅन्सरची केमो योजनेतूनच झाली. मग ‘आता घरी न्या’ म्हणाले आणि तिथून पुढं सगळं खिशातून. नळीतून द्यायचं खाणं, डायपर, हवेची गादी, ड्रेसिंगला येणारी सिस्टर, नागपूरची गाडी. कॅन्सरचं दुखणं थांबवणारी मॉर्फिनची गोळी तालुक्यात मिळालीच नाही. 2014 ला अंमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सैल झाला, पण मेडिकलवाल्यानं नाव ऐकताच मान हलवली. बाबा उशीचा कोपरा दातात धरून रात्र काढायचे. एक एकर गेलं. केरळात पंचायतीची नर्स अशा माणसाच्या घरी येते, आपल्याकडं का नाही?

सोयाबीनवाला: मी आयसीयूबद्दल बोलून रायलो होतो. डॉक्टर हात टेकते तरी पोरं बापाले नागपूरच्या खासगीत व्हेंटिलेटरवर ठेवतात, कायले? लोक काय म्हणतीन म्हणून! माह्या चुलतभावानं सावकाराचे पैसे काढले. काका गेले, व्याज चालूच हाये. सरकारी दवाखान्यात 15 ऑगस्ट 2023 पासून फुकट हाये, तिथं न्या ना.

दिग्रसचा: अर्धवट सांगू नका. ते फक्त आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत. यवतमाळचं मेडिकल, नागपूरचं मेडिकल, मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडं आहेत, तिथं ते लागू नाही. आणि ग्रामीण रुग्णालयात कॅन्सरवाल्याला चिठ्ठी लिहून पुढं पाठवतात.
बाकी आर्वीकर, एकर विकताना बहिणींनी सही दिली का? आमच्या अडवून बसल्या. सहीला हक्क, खर्चाला कोणी नाही.

पांढरकवड्याची: 2005 पासून मुलगी जन्मानं हिस्सेदार आहे, उपकार नाही तो. अन् खर्च म्हणजे फक्त नोटा का? सासऱ्यांच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री दर दोन तासांनी कूस मी बदलली. ऐन वेचणीत घरी बसले, ती बुडालेली मजुरी कोण्या वहीत लिहिली? पोरगा बिलं दाखवत फिरला.

दिग्रसचा: सुनेचं मधात आणू नका, मी बहिणींबद्दल बोलतोय. फोनवर रडण्यापलीकडं एकीनं काही केलं नाही.

पांढरकवड्याची: त्यांच्याही घरी सासू-सासरे असतील. तुम्ही स्वतः बापाचा डायपर कधी बदलला का, ते सांगा. मग बोलू.

दिग्रसचा: माझ्या घरातलं काढायचं काम नाही!

आर्वीकर: सहीचं भांडण दुसरीकडं न्या. पण ताई म्हणतात ते खरं आहे. आईला नळी कशी धुवायची हेही कोणी दाखवलं नव्हतं. त्यासाठीच नर्स पाहिजे.

सोयाबीनवाला: बरं, ‘मूर्ख’ मागं घेतो, तुमच्यापुरता. आयसीयूवाल्याईले नाही. पण नर्स कुठून आणसान? आमच्या उपकेंद्रात हाये तेच पद रिकामं पडलं.

आर्वीकर: मग ते भरा! 2017 च्या आरोग्य धोरणात लिहिलंय, 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्के सरकारी खर्च आरोग्यावर. तिथवर पोचलो का? उपकेंद्राची नर्स अन् तालुक्यात मॉर्फिन, एवढं झालं असतं तर माझं वावर आज माझ्या नावावर राहिलं असतं.