चुनखडी खाणीच्या जनसुनावणीसाठी लेखी हरकत कशी द्यावी?

मी सोलापुरात राहतो. आमची वडिलोपार्जित तुरीची जमीन मात्र कलबुर्गी जिल्ह्यात असून तिच्याशेजारी चुनखडीची खाण प्रस्तावित आहे. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि हितसंबंध असलेल्या बाहेरच्या व्यक्तींनाही राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी म्हणणे मांडता येते. खाणीच्या पर्यावरणीय परिणाम अहवालाचा सारांश कन्नडमध्ये आहे (बोलता येते, वाचता येत नाही, सीमाभागातले हे जुनेच दुखणे). मूळ इंग्रजी अहवालात धुळीबद्दल पुष्कळ लिहिले आहे. परंतु खाण भूजलपातळीखाली गेल्यावर होणाऱ्या पाणीउपशाचा आसपासच्या विहिरींवर काय परिणाम होईल, हे पडताळण्यासाठी नेमकी कोणती आकडेवारी पाहावी? शिवाय हरकत मराठीत दिली तर ती ग्राह्य धरतात का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.